खरं पदक पाठवत नाही, बिल्ला पाठवतोय

सेंट पीटर्सबर्ग,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही. तू सहज लिहिलं होतंस, ‘तिकडे बाजारात रशियन नौदलाची पदकं मिळतात म्हणे. पाणबुडी बुडाल्यावर देतात तसलं एखादं खरं पदक दिसलं तर बघ, पैसे पाठवतो.’ मी दोन शनिवार त्यासाठी फिरलो, पदक हातात घेतलं, आणि परत ठेवलं. का ठेवलं ते चार ओळींत सांगता येईना, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

इथे उदेल्नाया मेट्रो स्टेशनच्या मागे, रेल्वेच्या रुळांकडेला शनिवार-रविवारी जुना बाजार भरतो. आपण नववीत असताना पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराई शोधत उकिडवे बसायचो ना, थेट तसाच. सामोवार, गंजलेली स्केट्स, कुणाच्या तरी आजीच्या कपबशा, आणि मधूनच एखाद्या घडीच्या टेबलावर मखमलीला टोचलेले शेकडो बिल्ले. मी ज्या म्हाताऱ्याकडे थांबलो तो उत्तरेच्या आरमारात पाणबुडीवर मिचमन होता. मिचमन म्हणजे आपल्याकडच्या वॉरंट ऑफिसरसारखा हुद्दा. ही माणसं पाणबुडीला ‘लोदका’ म्हणतात, म्हणजे होडी. पाणबुडीच्या कप्तानाच्या छातीवरचा जो बिल्ला १९४२ साली युद्धात सुरू झाला, त्याला लाडाने ‘लोदोच्का’, होडुकली. तीनशे हातांखाली जाणाऱ्या लोखंडी धुडाला होडुकली म्हणायचं, हे मला फार आवडलं. आणि त्यांची एक ठरलेली सदिच्छा आहे, पेला उचलताना म्हणतात: जितक्यांदा खाली, तितक्यांदा वर. त्या म्हाताऱ्याने मला ती म्हणून दाखवली तेव्हा त्याच्या मखमलीवर ओळीने बिल्ले होते ते सगळे त्या हिशेबात न बसलेल्या होड्यांचे.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने माझा रोख ओळखला आणि खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर ‘लाल तारा’ पदक. तुला चित्रात ठाऊक असेल: गडद लाल मिन्याचा पाच कोनांचा तारा, मधे चांदीच्या गोलात बंदूक घेतलेला शिपाई. एका कोनाचा मिना उडालेला. उलटं केलं तर मागे मळसूत्राचा दांडा आणि हाताने कोरलेला क्रमांक. ‘पाणबुडीवाल्याचं आहे,’ तो म्हणाला, ‘बिस्केच्या उपसागरातलं.’ खरं-खोटं तोच जाणे. पण ते वाक्य ऐकून माझ्या हातातलं वजन बदललं.

बिस्केचा उपसागर म्हणजे के-८. सोव्हिएत आरमाराने गमावलेली पहिली अणुपाणबुडी. १९७० च्या एप्रिलमध्ये तिच्यावर आग लागली, ३० जण आतच गेले. होडी वर आली, अर्ध्याहून जास्त माणसं दुसऱ्या जहाजावर उतरवली, पण कप्तान बेसोनोव आणि आणखी २१ जण ती ओढून नेता येईल या आशेने तिच्यावरच राहिले. १२ एप्रिलला वादळात ती त्यांना घेऊन बुडाली. एकूण ५२. बेसोनोव यांना मरणोत्तर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ किताब, बाकीच्या मृतांना लाल तारा. आणि बाहेर कुठे एक अक्षर नाही. घरी पदक आलं, ते कशाबद्दल आलं हे शेजाऱ्यालाही सांगायची सोय नाही. बायकोने ते ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं असेल, दुसरं काय करणार?

सुहास, त्या क्रमांकामुळे मी ते परत दिलं. शिवराईला मालक नसतो, ती हजार हातांतून फिरण्यासाठीच पाडलेली. अशा सोव्हिएत पदकाच्या पाठीवरचा क्रमांक मात्र दफ्तरात एका माणसाच्या नावासमोर लिहिलेला असतो. नीट शोध घेतला तर माणूस सापडतो. शिवाय इथे सरकारी पदक विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे, आणि या बाबतीत मी कायद्याच्या बाजूने आहे. तू संग्राहक म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पण मयताच्या घरातलं भांडं आपण विकत आणत नाही, तसंच मला वाटलं.

त्या दिवसापासून मी या पदकांच्या तारखा एकमेकींशेजारी मांडून बघतोय. पदक कोणाला मिळालं यापेक्षा कधी मिळालं हे बघितलं की जास्त कळतं. के-१९ चं उदाहरण घे. ४ जुलै १९६१, उत्तर अटलांटिक. एका अणुभट्टीचं थंड करायचं पाणी गेलं. कप्तान झातेयेव यांच्या माणसांनी आत जाऊन हाताला लागतील त्या नळ्या जोडून पाणी फिरवण्याची सोय केली. आत शिरले त्यांपैकी आठ जण तीन आठवड्यांच्या आत किरणोत्सर्गाने गेले. त्यांना पदकं लगेच दिली, साधारण महिन्याभरात. पण तोंड शिवून. जे वाचले त्यांनी जवळजवळ तीस वर्षं उघडपणे काही सांगितलं नाही.

के-१२९ चं उलट. १९६८ च्या मार्चमध्ये ती पॅसिफिकमध्ये ९८ माणसांसह नाहीशी झाली. घरच्यांना कागद मिळाला त्यात नुसतं ‘मृत’. कर्तव्यावर मृत्यू असं नाही, कुठे नाही, कसा नाही. पुढे १९७४ मध्ये अमेरिकनांनी तिचा एक तुकडा समुद्रतळातून उचलला, आत सहा खलाशांचे देह मिळाले, त्यांना रीतसर समुद्रातच अंतिम निरोप दिला आणि त्याचं चित्रण करून ठेवलं. ते चित्रण १९९२ मध्ये रशियाच्या हाती आलं. त्यांच्याच देशाचं साहस पदक त्या ९८ जणांच्या नावे निघालं १९९८ मध्ये. तीस वर्षांनी! बाप गेला तेव्हा पाळण्यात असलेली पोरं तोवर बापापेक्षा वयाने मोठी झालेली. आई-वडील किती उरले असतील?

मला सगळ्यात जास्त सतावतो तो सेर्गेई प्रेमिनिन. वोलोग्दाकडच्या खेड्यातला पोरगा, साधा खलाशी. ३ ऑक्टोबर १९८६ ला बर्म्युडापासून लांब समुद्रात के-२१९ च्या एका क्षेपणास्त्राच्या नळीत पाणी शिरून स्फोट झाला. अणुभट्टी आपोआप बंद होईना. आत जाऊन हाताने फिरवून ती बंद करायची होती. लेफ्टनंट बेलिकोव आणि प्रेमिनिन गेले. उष्णता इतकी की बेलिकोव कोसळले. उरलेलं काम प्रेमिनिनने एकट्याने पुरं केलं. भट्टी बंद झाली. परत यायला निघाला तर दार उघडेना, दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबात फरक पडला होता. पलीकडून मित्रांनी जोर लावला, अलीकडून त्याने. नाही उघडलं. एकविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. त्या वेळी त्याला लाल तारा दिला, आणि रशियाचा वीर हा सर्वोच्च किताब १९९७ मध्ये. अकरा वर्षं लागली हे ठरवायला! मी हे लिहिताना अजूनही रागावतो.

‘कूर्स्क’ पाणबुडीची गोष्ट तुला माहीतच आहे, आपण तेव्हा टीव्हीसमोर बसलेलो. १२ ऑगस्ट २००० ला बारेंट्स समुद्रात टॉर्पेडोमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे पहिला स्फोट, सव्वादोन मिनिटांनी दुसरा, त्याहून कितीतरी मोठा. ११८ जण. यावेळी पदकांना उशीर नाही लागला. कप्तान ल्याचिन यांना रशियाचा वीर आणि बाकी सर्वांना साहस पदक, २६ ऑगस्टला जाहीर. दोन आठवड्यांत. नॉर्वेच्या डायव्हर्सनी पाणबुडीच्या शेपटाकडच्या नवव्या कप्प्याचं झाकण उघडलं त्याला तेव्हा जेमतेम पाच दिवस झाले होते. पदकाला घाई, मदतीला उशीर, हे त्या घरांतल्या बायकांनी तेव्हा तोंडावर बोलून दाखवलं होतं.

मागच्या आठवड्यात मी सेराफिमोव्स्कोये दफनभूमीत जाऊन आलो. कूर्स्कवरचे ३२ जण तिथे आहेत. त्यांतले एक कॅप्टन-लेफ्टनंट द्मित्री कोलेस्निकोव. सत्तावीस वर्षं पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. स्फोटांनंतर नवव्या कप्प्यात २३ जण जिवंत होते आणि कोलेस्निकोव यांनी अंधारात चाचपडत कागदावर त्या सगळ्यांची नावं लिहून ठेवली, शेवटी सगळ्यांना नमस्कार आणि हताश होऊ नका असं. अरे, जो माणूस अंधारात आधी इतरांची यादी करतो त्याला कुठलं पदक पुरेल? मी तिथे उभा असताना एक बाई आल्या, पिशवीतून फडकं काढून एक दगड पुसला, मग शेजारचा पुसला, मग त्याच्या शेजारचा. बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

आता तुझ्यासाठी काय घेतलं ते. त्या मिचमनकडून ‘कोम्सोमोलेत्स’चा बिल्ला घेतला. हे कुठल्याही सरकारने काढलेलं पदक नव्हे. त्याच्या ओळखीतल्या निवृत्त पाणबुडीवाल्यांनी एका स्मृतिदिनाला पदरचे पैसे घालून थोडे पाडून घेतले होते, त्यांतला हा. आपल्या जुन्या कातरलेल्या दहा पैशांहून किंचित मोठा. वर होडीची काळी आकृती, खाली निळा मिना, कडेने के-२७८ आणि ७ एप्रिल १९८९. सगळ्यात खाली, अगदी बारीक, ४२. टायटॅनियमची ही होडी १९८४ साली १,०२० मीटर खाली जाऊन आली होती, तेवढी खोल दुसरी कुठली लढाऊ पाणबुडी गेली नव्हती. तिच्यावर ६९ माणसं होती. आगीनंतर होडी वर आली खरी, पण काही तासांनी बुडाली, आणि बरेचसे लोक आगीने नव्हे तर थंडगार पाण्यात मदतीची वाट बघताना गेले. जिवंत आणि मृत, सगळ्या ६९ जणांना लाल निशाण पदक मिळालं. म्हणजे सरकारकडून मिळायचं ते मिळालं होतं. तरी ह्या लोकांना वेगळा बिल्ला का पाडून घ्यावासा वाटला?

त्याचं उत्तर मला ७ एप्रिलला मिळालं. तो दिवस इथे बुडालेल्या पाणबुडीवाल्यांचा स्मृतिदिन असतो. निकोल्स्की नौदल चर्चमध्ये प्रार्थना होते, भिंतीवर त्यांचे संगमरवरी फलक आहेत. मी मागे उभा होतो. पुढे साठी-सत्तरीतले गृहस्थ, साधे कोट, बाहेर अजून चिखल-बर्फ. मोठी पदकं फार थोड्यांच्या छातीवर. पण कोटाच्या कॉलरवर, काळ्या कापडात बुडून जाईल असा, हा छोटा बिल्ला. एकाने दुसऱ्याशी हात मिळवण्याआधी त्याच्या कॉलरकडे बघितलं. तेवढ्यावरून कळलं कोण कुठल्या होडीचा. मोठं पदक देशाने दिलेलं, ते कपाटात. हा आपल्यांनी आपल्यांसाठी केलेला, म्हणून रोजच्या कोटावर.

आणि तुला हे सगळं परकं वाटायला नको. १४ ऑगस्ट २०१३, मध्यरात्र. तू तेव्हा मुंबईत नोकरीला होतास, कुलाब्याच्या खोलीतून फोन करून म्हणालास, ‘गोदीच्या बाजूला आभाळ लाल झालंय.’ आपली पाणबुडी आयएनएस सिंधुरक्षक. आपले १८ जण. ती होडी ह्याच शहरात बांधलेली, मी रोज ज्या नदीवरून जातो तिच्या काठच्या कारखान्यात. मिचमनला मी तिचं नाव सांगितलं. त्याला माहीत होतं. त्याने बिल्ल्याच्या पैशांतले काही परत केले आणि नुसता आकडा बोटांवर विचारला, मी अठरा दाखवले. आपल्या पाणबुडीवाल्यांना डॉल्फिनचा बिल्ला मिळतो तो परीक्षा पास झाल्यावर, जिवंतपणी. पण त्या अठरा जणांच्या नावाचा असा एखादा छोटा बिल्ला त्यांच्या मित्रांनी कधी पाडला असेल तर मला तो बघायचाय. कुणाकडे दिसला तर कळव. विकत घेऊ नकोस, फक्त बघ आणि लिही.

बिल्ला पुढच्या महिन्यात ताईबरोबर पाठवतोय, ती पुण्याला येणार आहे. मागच्या दांड्यावरची चकती घट्ट बसली आहे, पक्कड लावू नकोस, आटे जुने आहेत. आणि काकूंना आधीच सांगून ठेव, देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून घासायचा नाही. कडेला जो काळसर डाग आहे तो कुणाच्या तरी कोटाचा आहे, तो तसाच राहू दे.

काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
विनय