किट घेण्याआधी सायकल तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेच्या सायकलींबद्दल हल्ली बरंच छापून येतं. मोटर किती वॉटची, बॅटरी केवढी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, हे सगळं असतं. पण हे सगळं ज्या सायकलवर चढवायचं, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कळव्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. साध्या सायकलला विजेवर चालवणाऱ्या मोटर-बॅटरीच्या किटचं, ऑनलाइन मागवलेलं खोकं घेऊन गिऱ्हाईक येतं, ‘एवढं बसवून द्या’ म्हणतं, आणि सायकल बघितल्यावर मला अनेकदा नाही म्हणावं लागतं. तोवर त्याचे पैसे देऊन झालेले असतात. खोक्यावर छापलेलं असतं, ‘कोणत्याही सायकलला बसते’. हे खरं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं हौसेखातर किट घेत नाहीत. विटाव्यावरून रबाळे, महापे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, रात्रपाळीचे वॉचमन, पहाटे पेपर टाकणारी मुलं. स्कूटरचा हप्ता झेपत नाही आणि बारा तास उभं राहून आल्यावर पाय चालत नाहीत, त्यांना किटचा खरोखर आधार होतो. तो मी रोज बघतो. त्यांचा पैसा वाया जाऊ नये, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणाचं हाडबीड मोडू नये, एवढीच तळमळ आहे.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं ते पुढच्या चाकाचं किट, कारण ते बसवायला सोपं. आणि धोका त्यातच जास्त. साध्या चाकात आस (ॲक्सल) फक्त वजन पेलतो. मोटरच्या चाकात मोटर चाकाला पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने आस उलटा फिरू बघतो. त्याला धरून ठेवतात त्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याच्या, टोकाच्या दोन खाचा. २५० वॉटची गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी) ३५-४० न्यूटन-मीटरचा पीळ सहज देते. हा पीळ आसाच्या जेमतेम दहा मिलिमीटरच्या चपट्या कडांवर येतो, म्हणजे खाचेच्या ओठांवर शेकडो किलोंचा जोर. लोखंडी खाच असेल तर ती आधी वाकते, कुरकुरते, सूचना देते. ॲल्युमिनियमची खाच सूचना देत नाही, एकदम तुटते.

अशी एक सायकल टेम्पोत घालून माझ्याकडे आणली होती. शॉकअपचा फोर्क, पुढे मोटर. उजव्या खाचेचा खालचा ओठ तुटून गेलेला, तुटीवर करड्या साखरेसारखे कण. आस खाचेत गरगर फिरलेला, त्यामुळे मोटरची वायर आसाभोवती पिळवटून मुळातून उपटली गेलेली. चाक निखळलं तेव्हा तो माणूस नाक्यावर सिग्नल सुटल्यावर हळू निघत होता, म्हणून गुडघ्यावर निभावलं. खाडीपुलाच्या उतारावर हेच झालं असतं तर?

माझ्या गल्ल्यात जुन्या स्पीकरचा एक लोहचुंबक असतो. किटबद्दल विचारायला कोणी आलं की तो पहिल्यांदा फोर्कच्या टोकाला, खाचेजवळ लावतो. चिकटला तर पुढचं बोलणं. चिकटला नाही तर पुढे मोटर मी बसवत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. शॉकअप फोर्कच्या वरच्या नळ्या लोखंडी असल्या तरी खालचे पाय बहुधा हलक्या धातूचे असतात, तेव्हा चुंबक खालीच लावावा. आणि लोखंडी फोर्क असला तरी टॉर्क आर्म हवाच. ही एक पोलादी पट्टी असते. तिचं एक टोक आसाच्या चपट्या भागावर बसतं, दुसरं फोर्कच्या दांडीला आवळतात. दोन्ही बाजूंना मिळून दोन पट्ट्या आणि चार नट. कित्येक खोक्यांत त्याही नसतात. आस बसत नाही म्हणून खाच कानशीने भसाभस मोठी करणारेही मी पाहिलेत. खाच नेमकी आसाएवढीच हवी, सैल झाली की तिचा उपयोग संपला.

आता आपली जुनी काळी डबल बार सायकल. लोखंडी, मजबूत, तिच्यावर दोन पोती घातली तरी हूं की चूं करत नाही. तिला किट बसवावं असं वाटणं साहजिक आहे. पण तिचे ब्रेक सळ्यांचे. किटबरोबर ब्रेकची जी मूठ येते ती केबलच्या ब्रेकची असते आणि तिच्यातच मोटर बंद करणारा स्विच असतो. सळीच्या ब्रेकला ती मूठ लागत नाही, म्हणजे ब्रेक दाबला तरी मोटर ढकलतच राहू शकते. त्यातून क्रोमची लोखंडी रीम पावसात भिजली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरतात. आपल्याकडे चार महिने पाऊस. म्हणून माझं मत पक्कं आहे: केबलचे ब्रेक आणि ॲल्युमिनियमच्या रिमा घातल्याशिवाय या सायकलला मोटर लावू नये.

चाकाच्या मापातही लोक फसतात. ‘२६ इंची’ म्हणून मागवतात, पण २६ दोन प्रकारचं. टायर रिमेवर जिथे बसतो तिथला व्यास मोजला तर रेंजरसारख्या जाड टायरच्या सायकलचं ५५९ मिलिमीटरचं, आणि बारीक टायरच्या लेडीज सायकलचं ५९०. काळ्या २८ इंची सायकलचं माप ६३५. तिला ६२२ चं, ‘७००-सी’ नावाने मिळणारं चाक घातलं की रीम दोन्हीकडे साडेसहा मिलिमीटर आत जाते आणि ब्रेकचा रबर रिमेला नीट लागत नाही. हा आकडा बहुतेक टायरच्या कडेला छापलेला असतो. तो वाचा, मग ऑर्डर द्या. दोन खाचांमधलं अंतरही पट्टीने मोजा: गिअरच्या सायकलला पुढे १००, मागे साधारण १३५ मिलिमीटर लागतं. बिनगिअरच्या सायकलचा मागचा गाळा यापेक्षा अरुंद असतो.

मग घ्यावी कोणती? मला विचाराल तर लोखंडी फ्रेमची, साध्या फोर्कची, ५५९ च्या चाकाची, मागे सहा-सात गिअर आणि रीम दोन्हीकडून आवळणारे व्ही-ब्रेक किंवा डिस्क असलेली सायकल घ्या, आणि मोटर मागे बसवा. अशा सायकली घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टायर बसलेल्या अवस्थेत धूळ खात पडलेल्या असतात, स्वस्तात मिळतात. सहा-सात गिअरचं आट्यावर फिरवून बसणारं फ्रीव्हील बहुतेक मागच्या मोटरींवर तसंच चढतं. आठ-दहा गिअरचा कॅसेट (आट्यांऐवजी सरकवून बसणारा दातेरी चक्रांचा गठ्ठा) असेल तर मोटर वेगळी लागते, हे आधी विचारून घ्या. तिरक्या नळीवर बाटलीच्या स्टँडचे दोन स्क्रू असतील तर बॅटरी तिथे बसवा. मागच्या कॅरिअरवर तीन किलो ठेवले की सायकल वळणावर डोलते. मागे शॉकअप असलेल्या फ्रेमच्या वाटेला जाऊ नका. तिथे बॅटरीला बहुधा जागाच नसते.

मोठ्या बॅटरीचा मोहही नको. ३६ व्होल्ट, १० अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. पॅडल मारत गेलात तर किलोमीटरला १२ ते १५ वॉट-अवर लागतात. रबाळ्याला जाऊन-येऊन ती पुरते आणि उरते. वाचलेले पैसे ब्रेक, टायर आणि चाकाच्या जाड तारांवर घाला.

कायद्याचंही लोकांना कोणी सांगत नाही. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ नुसार मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सायकल मोटर वाहनात धरली जात नाही. त्या व्याख्येत योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हेही आहे. तरीही ५०० वॉटची किटं बिनदिक्कत विकली जातात. नोंदणी, लायसन, विमा हे प्रश्न मग त्या गरीब वॉचमनच्या गळ्यात पडतात.

किट विकणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. चाकाचं मिलिमीटरमधलं माप, खाचांमधलं अंतर आणि ‘ॲल्युमिनियमच्या फोर्कला लावू नये’ ही सूचना खोक्यावर मराठीत, ठळक छापा. टॉर्क आर्म खोक्यातच द्या. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती, की किटची माहिती छापताना ही मापंही सोबत छापावीत. कापून दुकानात लावायला मला तरी ती हवीच आहेत.

आपला,
एक सायकल कारागीर
कळवा, ठाणे