समलिंगी विवाह आणि वारस नोंदीचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाहांची नोंदणी सुरू झाली आणि त्या निमित्ताने आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात वाचकांच्या उलटसुलट प्रतिक्रिया वाचायला मिळाल्या. विरोध करणारे संस्कृतीविषयी लिहितात, बाजू घेणारे प्रेमाविषयी लिहितात. सातबाऱ्याविषयी मात्र कोणीच लिहीत नाही. ज्याची सारी नोकरी कोकणातल्या गावांत तलाठी म्हणून झाली, अशा माझ्यासारख्या माणसाला लग्न म्हटले की अक्षतांच्या आधी वारस नोंदवही आठवते. या वादाची ही बाजू सहसा चर्चेत येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या सजातील, म्हणजे माझ्या अखत्यारीतल्या गावांपैकी, एका गावात दोन गृहस्थ एकाच घरात राहत असत. दोघेही मुंबईत गिरणी कामगार होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली तेव्हा त्यांतला एक आपल्या वडिलोपार्जित जमिनीकडे परतला आणि दुसरा, जो मूळचा घाटावरचा, तोही त्याच्याबरोबर आला. वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीवर दोघांनी हापूसची कलमे लावली. उन्हाळ्यात हंड्याने पाणी घालून ती जगवली, मोहराच्या दिवसांत फवारणी केली, झेल्याने आंबे उतरवले, पेट्या भरून वाशीला पाठवल्या. गावात त्यांना ‘दोस्त’ म्हणत. त्यांचे परस्परांशी नेमके काय नाते आहे, हे गावाला कळत नव्हते असे नाही. पण कोणी ते बोलून दाखवले नाही, आणि गणपतीच्या आरतीला त्यांच्या घरी जायचे कोणी टाळलेही नाही. पुढे जमिनीचा मालक वारला. मृत्युपत्र नव्हते. पत्नी नाही, अपत्य नाही, आईवडील आणि भाऊबहिणी हयात नाहीत, म्हणून हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे वारसा पुतण्यांकडे गेला. नोटीस निघाली, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मंजूर झाला आणि मुंबईच्या पुतण्यांची नावे सातबाऱ्यावर लागली. हरकत घ्यायची तर घेणाऱ्याला आपले नाते लिहावे लागते. ‘दोस्त’ हे नाते वारस नोंदीच्या रकान्यात बसत नाही. पुतण्यांनी बाग विकली आणि तो गृहस्थ घाटावर आपल्या भावाकडे निघून गेला. पुतण्यांनी कायद्याबाहेर काही केले, असे मी म्हणणार नाही. त्यांना जे कायद्याने मिळाले ते त्यांनी घेतले.

अशा जोडप्यांनी मृत्युपत्र करावे, बक्षीसपत्र करावे, विवाहाचाच हट्ट कशासाठी, असा प्रश्न एका पत्रलेखकाने केला आहे. प्रश्न वाजवी आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे तपशिलात देतो. महाराष्ट्रात पती किंवा पत्नीच्या नावे राहते घर वा शेतजमीन बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये पडते. तेच बक्षीसपत्र नात्याबाहेरच्या माणसाच्या नावे केले, तर बाजारमूल्यावर खरेदीखताइतके शुल्क भरावे लागते. त्यातही जमीन शेतीची असेल आणि घेणारा शेतकरी खातेदार नसेल, तर कुळकायद्याचे कलम 63 आडवे येते आणि परवानगीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कलमांची बाग ही शेतजमीनच आहे. राहता राहिले मृत्युपत्र. ते करता येते, पण त्याला आव्हान द्यायला रक्ताचे नातेवाईक मोकळे असतात आणि आपल्याकडचे दिवाणी दावे किती पिढ्या चालतात, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. विवाहित विधवेला यातले काहीच करावे लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज पुरतो.

केंद्र सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणेही खरे नाही. वित्त मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 रोजी असे स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, अशी सूचनाही राज्यांना गेली. याचे स्वागतच आहे. परंतु नामनिर्देशित व्यक्ती ही रकमेची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते, ही गोष्ट बँकेच्या खिडकीवर सहसा कोणी समजावून सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविषयीही पत्रांतून बराच घोळ दिसला. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीने असलेले संबंध वगळले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत. विवाहाचा प्रश्न तेव्हा न्यायालयापुढे नव्हता. तो आला 2023 मध्ये, आणि 17 ऑक्टोबरला पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून तो विषय संसदेकडे सोपवला. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता मिळावी असे म्हटले, परंतु ते मत अल्पमतात राहिले. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. तेव्हा ‘न्यायालय आपल्यावर हे लादत आहे’ ही तक्रार आज तरी निराधार आहे. मागणी होती ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी व्हावी एवढीच. त्या कायद्यात भटजी नाही, काझी नाही, आणि देवळात देवाला घालायच्या गाऱ्हाण्याचा शब्दही कोणी बदलायला सांगितलेला नाही.

त्या सुनावणीत सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंच्या विचारांची असल्याचे म्हटले होते आणि आपल्या काही वाचकांनी तोच सूर लावला आहे. वर सांगितलेले दोघे गिरणी कामगार कोणत्या शहरातले उच्चभ्रू होते, हे मला कळलेले नाही. नेपाळमध्ये अशा विवाहाची पहिली नोंद नोव्हेंबर 2023 मध्ये झाली तीही लमजुंग या डोंगरी जिल्ह्यात, काठमांडूत नव्हे.

‘समाज अजून तयार नाही’ हा आक्षेप सर्वाधिक पत्रांत आहे, आणि तो दापोली तालुक्यातून लिहिला जावा याचे मला नवल वाटते. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. त्यानंतर 37 वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात एका विधवेशी विवाह केला आणि पत्नीला घेऊन ते दापोली तालुक्यातल्या आपल्या मुरूड गावी आले, तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या मुरूडने हा ठराव केला, तेच मुरूड आज कर्व्यांचे नाव अभिमानाने सांगते. गावाचा होकार मिळेपर्यंत कायदा थांबला असता, तर त्या बाईंना पत्नी म्हणून कोणताच कायदेशीर आधार उरला नसता. मुरूडला तेव्हा कायदा होता आणि गाव पाठीशी नव्हते. माझ्या सजातल्या त्या दोघांच्या पाठीशी गाव होते आणि कायदा नव्हता. तैवानमध्ये तर नोव्हेंबर 2018 च्या सार्वमतात बहुसंख्यांनी विरोधात कौल दिला, तरीही तेथील घटनात्मक न्यायालयाच्या आदेशानुसार मे 2019 मध्ये कायदा झाला. उलट, कॅथलिक वळणाच्या आयर्लंडमध्ये 2015 च्या सार्वमतात 62 टक्के मतदारांनी होकार दिला. समाज कधी आधी तयार होतो, कधी नंतर. याचा अंदाज संपादकांना आलेल्या पत्रांवरून, माझ्याही पत्रावरून, बांधू नये.

एका भगिनीने लिहिले आहे की अशा मुलांची वेळेवर लग्ने लावून दिली की ती ताळ्यावर येतात. या एका वाक्याविषयी मला मनापासून चीड आली. गणपतीला आलेल्या चाकरमानी मुलाला घेरून ‘यंदा तरी बार उडवायचा’ म्हणून गळ घालायची, त्याच्या तोंडावरचा नकार लाजेवर ढकलायचा, शिमग्यापर्यंत मुलगी पाहायची आणि मेमध्ये मांडव घालायचा, हे आपल्याकडे राजरोस चालते. त्यात फसवली जाते ती मुलगी. तिला काहीच सांगितलेले नसते, मूल का होत नाही म्हणून उपासतापास तिनेच करायचे आणि देवस्कीचे खर्चही तिच्याच माहेरने सोसायचे. संस्कृतीरक्षणाच्या गोष्टी करणाऱ्यांना या मुलीची आठवण का होत नाही?

2023 च्या सुनावणीत केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे आश्वासन दिले होते. त्या समितीने वारसा, निवृत्तिवेतन आणि रुग्णालयातील संमती यांविषयी काय ठरवले, हे कोकणातील खासदारांनी सभागृहात विचारावे. विवाहाचा कायदा संसदेच्या हाती आहे. पण बक्षीसपत्रावरील मुद्रांक शुल्काची सवलत हा पूर्णपणे राज्याचा विषय आहे आणि तिच्यातील नात्यांच्या यादीत शपथपत्राने घोषित केलेल्या जोडीदाराची भर घालण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या भागातील आमदारांनी येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मांडावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी
ता. दापोली, जि. रत्नागिरी