काळेनिळे डाग आणि माझा क्लास

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, स्वसंरक्षणाच्या क्लासमध्ये माझ्या दंडावर पडलेले काळेनिळे डाग व्हिडिओ कॉलवर पाहून तू विचारलंस, "शिकायला जातेस की मार खायला?" खरं सांगू? थोडं दोन्ही.

बाबा, कराटेचा पट्टा माझ्याकडे आहेच. पण तेव्हा समोरचा ठोसा मारून हात तसाच ताठ धरून उभा राहायचा आणि मी निवांतपणे तो पिरगाळायचे. इतका समजूतदार हल्लेखोर कुणाला भेटणार? इथला जोडीदार सोडतच नाही. धरलेलं मनगट अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवायचं, हे मला तोंडपाठ होतं. पण त्याने दुसऱ्या हाताने खांदा धरून भिंतीकडे रेटलं की पाठ केलेलं सगळं पार उडून जातं. धाप लागते, ओरडायचं म्हटलं तरी घशातून आवाज फुटत नाही. ही गाळण क्लासमध्येच उडून गेलेली बरी.

परवा सरांनी चाकूऐवजी लाल मार्कर दिला. पांढरे टी-शर्ट घालून एकाने वार करायचे, दुसऱ्याने 'चाकू' हिसकावायचा. मी हिसकावला की! पण तोवर हातांवर, पोटावर, मानेजवळ रेघाच रेघा. त्यानंतर पळायचा सराव, म्हणजे दार कुठे आहे ते हेरणं, मध्ये खुर्ची ढकलणं, सगळ्यांनी अगदी मन लावून केला.

हे काही नवं खूळ नाही, बाबा. १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी ज्युदोत 'रंदोरी'ला, म्हणजे खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या सरावाला, मोठं स्थान दिलं. जीवघेणे प्रहार त्यांनी ठरावीक कवायतीपुरते ठेवले, म्हणून उरलेलं पूर्ण जोर लावून करता येतं.

आमच्याकडेही हेल्मेट आणि माउथगार्ड असतं, डोक्यावर जोरात मारत नाहीत, हाताने थोपटलं की समोरचा तत्क्षणी सोडतो. डाग जातील, आई. हळद लावून काही होत नाही, पण तू सांगितलीस म्हणून लावते आहे.

आता तुमच्याबद्दल. कुणी पर्स किंवा पाकीट मागितलं तर देऊन टाका, बाबा, वाद नको. आणि मोठ्याने "मागे हो!" ओरडायचा सराव दोघांनी घरात करा. शेजारी काय म्हणतील याची चिंता करू नका, त्यांना आधी सांगून ठेवा.

तुमची लेक