आई, भांड्यांचं ठरलंय

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आईनं विचारलं, "तिकडे घासणी चांगली मिळते का गं, की इथूनच आणू?" तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. फोनवर काही समजावायला गेले की आई "बरं बरं" म्हणून विषय संपवते आणि बाबा हवामान विचारतात.

घासणी आणू नकोस. आम्ही डिशवॉशर घेतलाय. घेऊन झालाय, परत करता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर नवा नाही. आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब शहर सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून अर्ध्याहून कमी किमतीत मिळाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या या जुन्या इमारतींत स्वयंपाकघर म्हणजे तुम्ही पाहिलंच आहे, दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं दारातून बोलायचं. त्यात घर भाड्याचं, ओट्याखालचं कपाट काढून मशीन बसवायला मालक हो म्हणणार नाही. म्हणून हा चाकांवरचा, 18 इंच रुंद. एरवी फ्रिजशेजारी उभा असतो, वर लाकडी फळी आहे, तिच्यावर मी भाजी चिरते. बाबा, तिथे तुमची खुर्ची असायची हे लक्षात आहे. ती खिडकीशी नेली आहे, उन्हात. दिवाही तिथेच लावलाय, पेपर वाचायला.

आता खरं कारण. मनगटाचं तू मला सांगितलं नाहीस, मावशीनं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. मागच्या वेळी मी कामावरून यायच्या आत ओटा लखलखीत असायचा आणि मी आयता चहा प्यायचे. तुला बरं वाटतं म्हणून करतेस, हेही मला कळतं. तुझ्या हाताची भांडी कुठलंच यंत्र घासणार नाही, हे मी समीरसमोरसुद्धा म्हणते. पण शनिवार पेठेतल्या घरी थंडीत मोरीत बसून भांडी घासून झाली की तू तेच गारठलेले हात माझ्या गालांना लावून मला उठवायचीस. मी ओरडायचे, आणि मग तुझे हात माझ्या पांघरुणात ओढून घ्यायचे. बोटांच्या भेगांना रात्री तूप लावायचं काम माझं होतं. आता एवढ्या लांबून ते कसं करू?

बाबांसाठी थोडं तांत्रिक. मशीन ढकलत सिंकपाशी आणायचं. मागून नळीची जोडी निघते, एक पाणी घेते, दुसरी सांडपाणी सिंकमध्ये सोडते. दोन्ही एकाच जोडणीत, ती नळाच्या तोंडाला खटकन बसते. त्यासाठी नळाची जाळी काढून आटे असलेला अडॅप्टर लावलाय. चालू करण्याआधी नळातून गरम पाणी येईपर्यंत सोडायचं, नाहीतर पहिलं पाणी गारच आत जातं. झाल्यावर नळ बंद, मग जोडणीवरचं बटण दाबून दाब सोडायचा आणि मगच ती काढायची. समीरनं पहिल्या दिवशी घाई केली, छतापर्यंत फवारा गेला. एका फेरीला 12 लिटरच्या आसपास पाणी लागतं, नळाखाली घासताना यापेक्षा कितीतरी जास्त जातं. शिवाय इथलं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या खोऱ्यांतून, जवळपास सगळं उतारानंच येतं, आणि मऊ असतं. तुमच्या टँकरच्या पाण्यासारखा पांढरा थर भांड्यांवर धरत नाही. डेलावेअरचा बोगदा 137 किलोमीटर लांब आहे. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

गैरसोयही सांगते. मशीन चालू असताना, म्हणजे दोनेक तास, स्वयंपाकघरातला नळ अडकलेला असतो. आधी तांब्या आणि पाण्याचे जग भरून ठेवायचे, हात धुवायला बाथरूम. आणि जाळ्या इथल्या पसरट बशांसाठी केलेल्या, आपल्या हलक्या वाट्या आत उलटतात आणि पाणी भरून बसतात. त्या मी दोन बशांच्या मध्ये तिरक्या अडकवते. भांडी विसळून ठेवायची नाहीत, फक्त खरकटं काढायचं. हे तुला जमणार नाही, तू विसळशीलच, तेवढं माफ.

लोखंडी तवा आत घालायचा नाही, गंजतो. अॅल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. पोळपाट-लाटणं, पितळी डबा आणि आजीची कढई यांना तर त्याच्या जवळही न्यायचं नाही. ही उरलेली चार भांडी समीर घासतो. घासू दे. तो घासत असताना मागे उभी राहून बघू नकोस.

खरकटी भांडी रात्री ठेवायची नसतात, माहीत आहे. जेवणं झाली की नऊला लावते, झोपायच्या आधी सगळं स्वच्छ. दुपारची मात्र संध्याकाळपर्यंत आतच राहतील, दार बंद असतं, वास येत नाही. तुला पटणार नाही. वॉशिंग मशीनही पटलं नव्हतं, वर्षभर त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फोन होता. आता त्याच्याशिवाय तुझं पान हलत नाही.

आता इकडे येतानाचं ऐका. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, बाबांच्या बीपीच्या वेगळ्या डबीत. व्हीलचेअर मी दोघांसाठी सांगितली आहे, "आम्ही काय म्हातारे झालो का" असं तिथे म्हणायचं नाही, बसायचं. विमानात दर दोन तासांनी उठून चालायचं. आई, मनगटाचा पट्टा प्रवासात घालायचा, बॅग तू उचलायची नाहीस. स्टीलची दोन ताटं आण, बाबांना इथल्या बशीत जेवल्यासारखं वाटत नाही, आणि ताटं मशीनमध्ये छान बसतात, मी मोजून पाहिलंय. लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून.

दुपारी तुझ्याकडे वेळ उरेल, तो कसा जायचा ही काळजी तुला लागेल. ईशानला पोळ्या लाटायला शिकायच्या आहेत, आजीकडूनच, माझ्याकडून नको म्हणतो. खाली बाग आहे, बाक आहेत, चारला गुजराती बायका जमतात.

उत्तर लिहा. "कशाला उगाच" एवढं सोडून काहीही लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
चिमी