ऐनवेळचे विषय आणि मागचा बाक : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : किनाऱ्यावरच्या लहान नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या सर्वसाधारण सभांत, विषयपत्रिकेत न छापता ऐनवेळी आणल्या जाणाऱ्या विषयांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात राहतो. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार एका नगरपरिषदेविरुद्ध नाही. जे आमच्याकडे घडले ते किनाऱ्यावरच्या इतर गावांतही घडते, हे तिथल्या ओळखीच्या माणसांशी बोलताना पुन्हा पुन्हा कळले, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. एखादा नगराध्यक्ष किंवा मुख्याधिकारी बदलून हे सुटणार नाही. ते तुमच्या खात्याच्या एका परिपत्रकाने मात्र बऱ्यापैकी सुटू शकते.

मध्यंतरी मी सर्वसाधारण सभेला गेलो होतो. सभागृहात मागच्या भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे, त्यावर बसलो. नागरिक म्हणून आम्ही दोघेच होतो, मी आणि एक निवृत्त शिक्षक. विषयपत्रिका दारावरच्या फळ्यावर लावलेली होती, ती मी आधी वाचून घेतली. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती, दोन गल्ल्यांतले पथदिवे, स्मशानभूमीच्या शेडचे पत्रे, कचरागाडीचे टायर. आणि सगळ्यात शेवटी ती ओळ, जी महाराष्ट्रातल्या प्रत्येक नगरपरिषदेच्या कारकुनाला पाठ असेल : मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

छापलेल्या विषयांना दीड तास लागला. त्यातली वीस मिनिटे एका पथदिव्यावर गेली, आणि त्यात मला काही वावगे वाटले नाही. दिवा कोणाच्या दारात लावायचा यावर नगरसेवकाने भांडावे, त्यासाठीच लोकांनी त्याला निवडून दिलेले असते. मग व्यासपीठाकडून एक सुटा कागद आला. लिपिकाने त्यावरचे विषय एकापाठोपाठ एक वाचले. सात विषय होते. प्रत्येकाच्या शेवटी दोन-तीन आवाज "मंजूर, मंजूर" म्हणत होते आणि लिपिक पुढच्या ओळीवर जात होता. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. सगळे मिळून दहा मिनिटेसुद्धा लागली नसतील.

त्या सातांतला एक विषय मासळी बाजारातली बाजार फी वसूल करण्याचे काम ठेक्याने देण्याचा होता.

एका नगरसेविकेने हात वर केला. त्या म्हणाल्या, "याची माहिती आधी द्यायला हवी होती, मला बाजारातल्या बायकांना विचारता आले असते." त्यांना सांगण्यात आले की विषय तातडीचा आहे. त्या खाली बसल्या. मंजूर.

बाजारात ही बातमी पावतीपुस्तकासोबत पोहोचली. आमच्या बाजारात ओट्यांवर बसणाऱ्या बहुतेक बायका दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आहेत, आईचा ओटा मुलीकडे किंवा सुनेकडे आलेला. सकाळी टोपल्या उतरवत असताना एक अनोळखी मुलगा पावत्या फाडू लागला. पालिकेचा शिपाई येत असे तेव्हा ज्या बाईचा माल त्या दिवशी आलाच नाही तिला तो सोडून देत असे, हा सोडेना. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी ती पावती चुरगळू न देता पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडे आणली आणि विचारले, "भाऊ, हे ठरलं कधी?" मी त्या सभेत बसलेला माणूस. मला तारीख आणि वेळ दोन्ही माहीत होती. तरी त्यांना उत्तर देताना माझी मान खाली गेली, कारण ठराव होताना मी मागच्या बाकावरून बघत होतो आणि तो विषय कोणाच्या पोटावर येणार आहे हे मलाही त्या दहा मिनिटांत उमगले नव्हते.

ठेका देणे चूक की बरोबर, हा वाद मी इथे घालत नाही. कदाचित वसुली नीट होईल, कदाचित त्या पैशातून बाजाराला पाण्याचा नळ आणि बर्फ ठेवायची जागा मिळेल. पण ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्यांना ठरण्याआधी एक शब्द कळू नये, अशी सोय त्या "ऐनवेळी येणारे विषय" या ओळीत करून ठेवलेली आहे. माझे म्हणणे एवढ्याच ओळीबद्दल आहे.

पुढे मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मुदत संपायच्या एक दिवस आधी मिळाली. त्यात सातही ठरावांखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे व्यवस्थित लिहिलेली होती आणि त्यापुढे "सर्वानुमते मंजूर". त्या नगरसेविकेचे वाक्य कुठेच नव्हते. ते मी माझ्या कानांनी ऐकले होते. उद्या हा ठराव कोणी न्यायालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेला, तर कागद सांगेल की विरोध नव्हताच, आणि त्या बाईंनी आपले काम केले होते याचा कुठेही पुरावा राहणार नाही.

महोदय, यासाठी नवा कायदा लागणार नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता स्वतःहून काय प्रसिद्ध करायचे याची यादी दिलेली आहे. त्यातली आठवी बाब आपली मंडळे, परिषदा व समित्या यांचीच आहे : त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का आणि इतिवृत्त लोकांना पाहता येते का. म्हणजे माझ्या अर्जाची गरजच पडायला नको होती. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर स्वच्छता मोहिमेचे फोटो आहेत, घरपट्टी ऑनलाइन भरायची सोयही आहे आणि ती चांगली चालते. इतिवृत्ते मात्र नाहीत. जी यंत्रणा माझी घरपट्टी दोन मिनिटांत घेऊ शकते, तिला चार पानांचा ठराव टाकणे अवघड नाही.

खाडीच्या पलीकडे माझ्या बहिणीचे सासर आहे. तिथे ग्रामपंचायत आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा भरते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. ग्रामसभेत गणपूर्ती होत नाही, पुढारीच बोलतात, हे सगळे खरे आहे. तरी माझी बहीण उभी राहून विचारू शकते की पाणंद रस्त्याचे पैसे आले होते ते गेले कुठे. तिने एकदा विचारले आहे, आणि सरपंचांना उत्तर द्यावे लागले आहे. होडीने दहा मिनिटे अलीकडे आले की मी शहराचा नागरिक होतो आणि माझा तो हक्क संपतो. मला पाच वर्षांनी मत आहे, मधल्या काळात मागचा बाक.

74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वराज्य दिले, ती 1 जून 1993 पासून लागू झाली. पण तिने प्रभाग समित्यांची सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या लहान शहरांपैकी एकही त्या आकड्याच्या जवळपास नाही. म्हणजे मोठ्या शहरात प्रभाग समिती, खेड्यात ग्रामसभा, आणि आमच्यासारख्या मधल्यांना दोन्ही नाही. राज्याने 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहराच्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आणली, तेव्हा हे अंतर भरून निघेल असे वाटले होते. आमच्या गावात क्षेत्रसभा भरलेली मी पाहिलेली नाही. आणि जी गावे ग्रामपंचायत होती आणि आता नगरपंचायत झाली, गुहागर, दापोली, देवगड-जामसंडे अशी, तिथल्या माणसांच्या हातात होती ती ग्रामसभाही गेली. शहराचा दर्जा मिळाला म्हणून माणसाचा बोलायचा हक्क कमी व्हावा, हे कोणाच्याच मनात नसेल. पण झाले आहे तसे.

किनाऱ्यावर हे अधिक बोचते, कारण इथे नगरपरिषदेच्या एका ठरावाचे परिणाम फार लांब जातात. जेटी मेरीटाइम बोर्डाची, मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय खात्याचे, भरतीरेषेजवळचे बांधकाम 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेखाली. या सगळ्यांत नगरपरिषदेचा वाटा पुष्कळदा एका "ना हरकत" ठरावाचा असतो, आणि असा ठराव ऐनवेळच्या विषयांत सहज बसतो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचेच उदाहरण घ्या. दगडी बंधारा मागच्या रस्त्याला आणि घरांना वाचवतो. पण तो जिथे संपतो, तिथून पुढच्या उघड्या किनाऱ्याची धूप पुष्कळदा वाढते, आणि बंधाऱ्यासमोरची पुळणही, म्हणजे वाळूचा पट्टाही, खाली बसत जाते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांना आणि होड्या वर घेणाऱ्यांना हे कोणत्याही अहवालाआधी कळते, कारण होडी ठेवायची त्यांची जागा जाते. बंधारा कुठून कुठपर्यंत घालायचा, हा विषय सभेपुढे येण्याच्या आठ दिवस आधी त्यांना कळला, तर ते सांगतील की मधे होडीला वाट ठेवा. दगड टाकून झाल्यावर कळले, तर ते फक्त मोर्चा काढू शकतात.

तातडी असते, हे मला मान्य आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले तेव्हा पत्रे उडाले, झाडे पडली, कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी जनरेटर भाड्याने घ्यायला कोणी आठ दिवसांची नोटीस काढत बसू नये. पण ठेक्याला, भाडेपट्ट्याला, जमिनीच्या आरक्षण बदलाला, ना हरकतीला कसली तातडी? त्या सुट्या कागदावरच्या सातांपैकी एकही विषय असा नव्हता जो पुढच्या सभेपर्यंत थांबला असता तर कोणाचे घर पडले असते.

आणि वेळ हीच योग्य आहे. बहुतेक नगरपरिषदांत 2021-22 पासून प्रशासक होते. त्या काळात सभा नव्हत्या, ठराव प्रशासक एकटेच करत होते, आणि कार्यालयांना त्या पद्धतीची सवय लागली. मग सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या आदेशानंतर निवडणुका लागल्या आणि डिसेंबर 2025 मध्ये आम्ही मतदान केले. कित्येक नगरसेवक पहिल्यांदाच निवडून आले आहेत. त्यांना अजून सभागृहाच्या जुन्या सवयी लागलेल्या नाहीत. जे पहिल्या वर्षात रुळेल तेच पुढे चालेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या विषयात पैसा खर्च होणार आहे, कोणाकडून पैसा वसूल होणार आहे, किंवा जमीन, ओटा, किनारा यांचा हक्क कोणाकडे जाणार आहे, तो विषय ऐनवेळी घेऊ नये. खरीच आपत्ती असेल तर ती कोणती, हे मुख्याधिकाऱ्यांनी ठरावातच लेखी नोंदवावे. विषयपत्रिका कार्यालयीन टिपणीसह सभेआधी संकेतस्थळावर आणि जिथे माणसे जमतात तिथे लागावी. आमच्याकडे ती जागा मासळी बाजार, जेटी आणि एसटी स्टँड आहे, पालिकेच्या जिन्याखालचा फळा नाही. इतिवृत्तात कोणी हरकत घेतली, कोणी मत कोणत्या बाजूला दिले, हे नावानिशी यावे आणि ते पुढच्या सभेची वाट न पाहता प्रसिद्ध व्हावे. ठराव स्थगित करण्याचा अधिकार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमातल्या कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे; ऐनवेळी घुसवलेला ठराव आला तर त्यांनी तो निदान तपासावा, असे तुम्ही कळवू शकता. सभेचे थेट प्रक्षेपण करणेही आता अवघड राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज 27 सप्टेंबर 2022 पासून घरबसल्या पाहता येते, तर पाणीपट्टीची चर्चा पाहता यायला हरकत नसावी.

आणि वर्षातून किमान दोनदा नगरसभा भरवा. क्षेत्रसभा म्हणा, नगरसभा म्हणा, नाव काहीही द्या, पण तिथे नागरिकाला उभे राहून विचारता आले पाहिजे आणि विचारलेले लिहून घेतले गेले पाहिजे.

यातून चांगलेच निघते, याचा दाखला आमच्याच किनाऱ्यावर आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगळा घेऊन आपल्या जुन्या कचरा डेपोची अशी जागा केली की लोक ती बघायला जातात. घराघरातल्या माणसाने ओला-सुका वेगळा केल्याशिवाय ते होणे शक्य नव्हते, आणि असे काम पाठीमागून मंजूर केलेल्या ठरावाने होत नाही.

पुढची सर्वसाधारण सभा लवकरच आहे. बाजारातल्या बायकांनी त्या दिवशी दुपारनंतर ओटे बंद ठेवायचे ठरवले आहे. पंधरा-वीस जणी येतील. पदराला पावती बांधून आलेल्या मावशी त्यांत असतील. मागे बाक एकच आहे, त्यावर चार माणसे बसतात. बाकीच्या उभ्या राहायला तयार आहेत. सभा नागरिकांसाठी खुली असते आणि शांतपणे बसलेल्या कोणालाही बाहेर काढता येत नाही, एवढी लेखी सूचना त्या तारखेच्या आधी सर्व नगरपरिषदांना तुमच्या कार्यालयाकडून जावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
कोकण किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेचा मतदार