झाडांची दिवसपाळी-रात्रपाळी आता बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवसा झाडं प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात. सातवी-आठवीच्या वर्गात विचारा, बहुतेक मुलं हेच सांगतील आणि पालकांनाही त्यात काही खटकणार नाही, कारण त्यांनीही शाळेत हेच पाठ केलेलं असतं. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे म्हणून दुसरा खपून जातो. पण झाड म्हणजे पाळी बदलणारा कामगार नाही. ते चोवीस तास श्वसन करतं, भर दुपारीसुद्धा, फक्त चांगल्या उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग कितीतरी जास्त असतो त्यामुळे श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या पानातच वापरला जातो आणि बाहेर पडताना सापडतो तो ऑक्सिजन. मुळांना तर ऊन दिसतच नाही, मग ती काय करतात? तीही श्वसनच करतात, म्हणून तर मुळाशी सतत पाणी साचून राहिलं की हवा न मिळाल्यामुळे झाड मरतं.

हा गोंधळ मुलांच्या डोक्यात आपणच घालतो असं माझं स्पष्ट मत आहे. प्रकाशसंश्लेषण एका धड्यात, श्वसन दुसऱ्या धड्यात, मध्ये कित्येक आठवडे जातात. पहिल्या धड्यात चित्र झाडाचं, दुसऱ्यात माणसाच्या फुफ्फुसाचं. आणि मग परीक्षेत प्रश्न, फरक लिहा. दोन रकाने आखले की मुलं साहजिकच एकीकडे झाड आणि एकीकडे प्राणी टाकतात. गंमत म्हणजे याच मुलांनी वनस्पती पेशीची आकृती काढताना हरितलवक (प्रकाशसंश्लेषणाची जागा) हिरव्या रंगाने आणि शेजारची तंतुकणिका (पेशीतल्या श्वसनाची जागा) लाल रंगाने छान रंगवलेली असते, नावंही दिलेली असतात, पण ती तंतुकणिका तिथे काय करते असं विचारलं की वर्ग एकदम गप्प!

मला सुचवायचंय ते एवढंच की हे दोन्ही विषय एकत्र शिकवा आणि सुरुवात समीकरणापासून न करता वजनापासून करा. एवढं मोठं झाड, त्याचं लाकूड आलं कुठून? मातीतून, पाण्यातून, खतातून अशी उत्तरं येतात, हवेतून असं सहसा कोणी म्हणत नाही आणि चुकून म्हटलंच तर बाकीची हसतात, कारण हवेला वजन असतं हे पाठ असलं तरी पटलेलं नसतं. इथे सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगायचा. २०० पौंड वाळवलेली माती, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप, ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंडांच्या वर आणि माती परत वाळवून तोलली तर घट फक्त २ औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हे सगळं १६४८ साली त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. कोळसा जाळल्यावर निघणारा वायू वेगळा आहे हे ओळखणारा हाच माणूस, पण झाड त्याच वायूपासून बनत असेल हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. वर्गात हा चुकलेला निष्कर्ष फार कामाला येतो, कारण मुलंही नेमकी तिथेच अडकलेली असतात आणि एवढा हुशार माणूस अडकला म्हटल्यावर त्यांना बोलायला लाज वाटत नाही.

मग हिशोब मांडायचा. झाड प्रकाशसंश्लेषणात साखर बनवतं, म्हणजे ग्लुकोज. १८० ग्रॅम ग्लुकोजमध्ये कार्बन ७२ ग्रॅम, ऑक्सिजन ९६ ग्रॅम आणि हायड्रोजन फक्त १२ ग्रॅम. यातला कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही कार्बन डायऑक्साइडमधून येतात, पाण्यातून येतो तो हायड्रोजन, पाण्यातला ऑक्सिजन बाहेर सोडला जातो (हे १९४१ मध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे जास्त वजनाचे ऑक्सिजन अणू, वापरून दाखवलं गेलं). म्हणजे जवळपास ९३ टक्के वजन हवेतून आलं आणि हवेत तो वायू आहे किती, तर साधारण ०.०४ टक्के. हा आकडा फळ्यावर लिहून जरा वेळ काही बोलायचं नाही, पुढचे प्रश्न मुलंच विचारतात.

याला जोडूनच श्वसन. सारख्या वजनाच्या बियांचे तीन गट करा, पहिला कोरडाच उजेडात, दुसरा ओला उजेडात, तिसरा ओला पण पूर्ण अंधारात. रोपं आली की सगळं उपटायचं, अगदी खडखडीत वाळवायचं आणि वजन करायचं, पण त्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यायचा, ही पायरी गाळलीत तर प्रयोगाची मजा गेली. अंधारातली रोपं लांबच लांब वाढलेली असतात, फिकट पिवळी, त्यामुळे मुलं छातीठोकपणे सांगतात की वजन वाढणार. प्रत्यक्षात वाळवल्यावर ते मूळ बियांपेक्षाही कमी भरतं! गेलं कुठे? बीमधला साठा रोपाने श्वसनात वापरला आणि त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. इथे नाक नाही, फुफ्फुस नाही, तरी श्वसन चालू आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. बी मात्र मुळ्यासारखं बारीक घ्या, मोठ्या बियांमध्ये साठा इतका असतो की उजेडातल्या रोपाचंही वजन वाढायला बराच वेळ लागतो आणि मग मुलं वैतागतात. वजनकाटाही बारीक मोजणारा हवा, नाहीतर भरपूर बिया घ्याव्या लागतात.

रंगाचा प्रयोग सोपा आहे. पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब टाकायचे, कार्बन डायऑक्साइड वाढला की पाणी पिवळं, कमी झाला की निळं. थोडं हिरवट पाणी करून हायड्रिला या पाणवनस्पतीची एकेक फांदी दोन टेस्ट ट्यूबमध्ये घाला, एक उजेडात ठेवा, दुसरी काळ्या कागदात गुंडाळा, आणि फांदी नसलेली तिसरी ट्यूब विसरू नका. अंधारातली पिवळी पडते, उजेडातली निळी होते. मग विचारायचं, उजेडातल्या फांदीचं श्वसन बंद पडलं का? इथे वाद होऊ द्या, उत्तर लगेच देऊ नका.

आयोडीनचा प्रयोग सगळेच करतात, तोही करा, पण त्याने फक्त पानात स्टार्च आहे एवढंच कळतं, तो आला कुठून हे नाही. आणि पानाचा हिरवा रंग काढायचं स्पिरिट थेट ज्योतीवर तापवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच पान उकळा.

रात्री झाडाखाली झोपू नये हा प्रश्न वर्गात येतोच येतो. हवा बिघडण्याची भीती असेल तर शेजारी झोपलेला माणूस कुंडीतल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याला कोणी खोलीबाहेर काढत नाही. इंजेनहाउस या शास्त्रज्ञाने १७७९ मध्येच दाखवलं होतं की हवा सुधारण्याचं काम फक्त हिरवे भाग आणि तेही उजेडात करतात, अंधारात तेच भाग हवा बिघडवतात. एवढं जुनं ज्ञान आपण अजून अर्धवट सांगतोय.

आणखी एक. श्वसन म्हणजे प्रकाशसंश्लेषण उलटं, असं सांगून आपण मोकळे होतो. अणूंचा हिशोब उलटा जुळतो हे खरं, पण प्रकाश आत येतो तो परत प्रकाश होऊन बाहेर पडत नाही, शेवटी उष्णता होऊन जातो. मोड आलेल्या बिया थर्मासमध्ये भरून थर्मामीटर लावला की तापमान वाढलेलं दिसतंच (उकळलेल्या बियांचा दुसरा थर्मास हवाच, आणि दोन्हीकडच्या बिया जंतुनाशकाने धुवा, नाहीतर कुजल्यामुळे तोही तापतो). कार्बन फिरत राहतो, ऊर्जा फिरून परत येत नाही, ही एक गोष्ट आठवीच्या मुलाला कळली तर क्रेब्ज चक्राची (श्वसनातल्या रासायनिक पायऱ्यांची) नावं आणि एका ग्लुकोजमागे किती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) बनतात ते आकडे नाही आले तरी चालेल. तसेही ते ३६-३८ चे आकडे आता ३०-३२ वर आलेत, मग पाठांतराचा अट्टहास कशाला?

वेळ नाही, पोर्शन संपत नाही, हे मला माहीत आहे, मीही त्याच धावपळीत असते. पण मुलं शेवटी पेपरात जे येतं तेच वाचतात, त्यामुळे माझी विनंती पेपर काढणाऱ्यांना आहे. फरक लिहा हा प्रश्न एक वर्ष बाजूला ठेवा आणि त्याऐवजी विचारा, अंधारात उगवलेल्या रोपाचं वाळवल्यावर वजन बियांपेक्षा कमी का भरतं?

आपली,
एक विज्ञान शिक्षिका