शोषखड्डा किती पाणी पितो, याचा हिशेब मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात सिमेंटचे रस्ते वाढले, तसे रस्त्याकडेला पावसाचे पाणी जमिनीत जिरवणारे शोषखड्डे घेण्याचे कामही वाढले. काम चांगले आहे, पण ‘खड्डे घेतले की रस्ता तुंबणार नाही’ असे जे सांगितले जाते ते चूक आहे. या चुकीच्या आश्वासनामुळेच दोन पावसाळ्यांत लोक सगळ्या पद्धतीलाच नावे ठेवू लागतात.

हिशेब साधा आहे. १२ मीटर रुंद रस्त्याचा ३० मीटरचा तुकडा घ्या. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस असेल, तर तासाभरात पडलेल्या १८,००० लिटरपैकी सुमारे १६,००० लिटर पाणी काँक्रीटवरून वाहून येते. दीड मीटर चौरस आणि अडीच मीटर खोल खड्डा खडीने भरला की मोकळी जागा उरते ४० टक्के, म्हणजे २,२५० लिटर. हा खड्डा आठ-नऊ मिनिटांत भरतो. तळातून आणि बाजूंतून मुरमात पाणी तासाला २५ मिलिमीटर या गतीने जिरते असे धरले, तर तो रिकामा व्हायला नऊ-दहा तास लागतात. भूजलासाठी हे उत्तम, पुरासाठी नगण्य. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून आंबील ओढ्यात जे पाणी आले, त्याला खड्डे नव्हे, पात्राची मोकळी रुंदीच हवी होती.

पूर कमी करायचा तर पाणी थोपवायला जागा लागते. मुंबईत हिंदमाता या पाणी तुंबणाऱ्या सखल भागासाठी दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, त्या याच कारणाने. पुण्यात त्याहून स्वस्त मार्ग आहे. वस्तीतले १,००० चौरस मीटरचे मैदान ३० सेंटिमीटर खाली घेतले तर त्यात तीन लाख लिटर पाणी मावते. १५० मिलिमीटर व्यासाच्या एकाच तोंडातून ते बाहेर सोडले, तर सहा-सात तासांत मैदान रिकामे होते. तोंड १०० मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये, नाहीतर एक पिशवी ते बंद करते.

आता खड्डे का मरतात, ते. पहिले कारण गाळ. रस्त्यावरचे पाणी टायरची भुकटी, तेल आणि माती घेऊन थेट खडीत शिरते आणि फटी बुजतात. त्याआधी दोन कप्प्यांचे चेंबर हवे. पाणी पुढे नेणारा पाइप तळापासून किमान ४५ सेंटिमीटर वर असावा आणि त्याला खाली तोंड केलेला बेंड असावा, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि तेल, प्लास्टिक वर अडकते. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, खड्ड्याच्या तळाशी घालण्याची सवय तर सोडायलाच हवी. तिथे ते चोंदले की संपूर्ण खड्डा उपसावा लागतो. कापड वरच्या वाळूच्या थराखाली घालावे. मग दरवर्षी वरची पाच सेंटिमीटर वाळू खरवडून नवी टाकली की काम भागते.

दुसरे कारण चाचणी. काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडलेल्या असतात. त्या वेळी खड्ड्यात ओतलेले पाणी भराभर गायब होते आणि अहवालात जमीन उत्तम ठरते. जुलैत तीच माती फुगून भेगा मिटवते आणि पाणी हलत नाही. म्हणून चाचणीचा खड्डा लागोपाठ तीनदा भरावा आणि तिसऱ्या वेळचा वेग, म्हणजे तिन्हींतला सर्वांत कमी, धरावा. काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खणावे. इमारतीच्या पायापासून पाच मीटर अंतर सोडावे.

पदपथावरच्या ‘पाणी जिरवणाऱ्या’ फरश्यांचीही अशीच गत होते. खाली काँक्रीटचा थर आणि सांध्यांत दगडी कच भरली, तर त्या फरश्या आणि साधी फरशी यांत काहीच फरक राहत नाही. सांध्यांत २ ते ५ मिलिमीटरची बारीक खडी हवी, कच नको.

सर्वांत गंभीर बाब सांडपाण्याची. पावसाळी गटाराला कुणीतरी मोरी जोडलेली असेल, तर शोषखड्डा ते घाण पाणी थेट आसपासच्या विहिरी-बोअरपर्यंत पोहोचवतो. ओळखायला यंत्र लागत नाही. एप्रिलमध्ये सकाळी आठ वाजता पावसाळी गटाराचे झाकण उघडावे. आत पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही. अशा ठिकाणी जोडणी शोधून तोडल्याशिवाय खड्डा घेऊच नये.

महापालिकेला विनंती एवढीच: या कामाच्या निविदेत तीनदा भरलेल्या खड्ड्याची चाचणी, गाळाचे चेंबर आणि पाच वर्षांची साफसफाई ही तीन कलमे स्वतंत्र दरासह घालावीत. साफसफाई मेअखेर, जुलैच्या मध्यात आणि पावसाळा संपल्यावर अशी वर्षातून तीनदा व्हावी. काढलेला गाळ चेंबरशेजारी ढीग करून न ठेवता त्याच दिवशी उचलावा, कारण पुढच्याच सरीत तो परत आत जातो.

आपला,
एक निवृत्त पर्जन्यजल अभियंता, पुणे